छत्तिसावी पिशवी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. दोन्ही हात जोडून करणार होतो, पण उजव्या हाताला सकाळपासून सरस लागला आहे आणि एकदा जोडले तर ते संध्याकाळपर्यंत सुटायचे नाहीत, म्हणून मान लववून केला असं समज. इकडे आम्ही दोघंही सुखरूप. तुझ्या तब्येतीची चौकशी मात्र मी या पत्रात करत नाही. केली की तू ‘ठणठणीत’ असं लिहितेस, त्याखाली रेघ मारतेस, आणि त्या रेघेवर मी आजवर विश्वास ठेवत आलो. आता ठेवत नाही. तुझ्या इमारतीत तळमजल्यावर दुकान असलेल्या घड्याळजींचं कार्ड मला आलं होतं हे तुला ठाऊक आहे (त्यानंतर तू त्यांच्याशी आठ दिवस बोलली नाहीस हे मला ठाऊक आहे). त्या माणसाला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवय नाही, पण काही हलताना दिसलं की ते किती वेळात हललं हे मोजल्याशिवाय त्यांना राहवत नाही, धंद्याचा दोष आहे तो. पूर्वी त्यांच्या दुकानापासून तिसऱ्या मजल्यावरच्या तुझ्या कुलपापर्यंत पोचायला तुला दीड मिनिट लागायचं. आता साडेचार लागतात, मध्ये दोनदा पावलं थांबतात. एवढंच त्यांनी लिहिलं होतं, सल्ला एक शब्दाचा नाही. ते कार्ड वाचल्यापासून मी आमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यातला जिना चढताना मनातल्या मनात आकडे मोजतो आणि मोजताना माझ्या डोळ्यांसमोर तू असतेस.

पुढे काय झालं ते तुला माहीत आहेच, तरी मी सगळं क्रमाने लिहून ठेवतो, कारण ‘मी असं म्हणालेच नव्हते’ हे तुझं आवडतं वाक्य आहे. मी फोन करून आरडाओरडा केला. तुझ्या डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करून घ्यायला सांगितलं त्याला चार महिने झाले आणि त्यांची चिठ्ठी तू शिवणयंत्राच्या खणात बॉबिनांखाली ठेवून दिलीस, हे त्या फोनवर तुझ्याच तोंडून निघालं. मी बोलायचा थांबल्यावर तू अगदी थंडपणे माझ्याच रक्ताच्या रिपोर्टचा विषय काढलास (चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच). माझ्या रक्तात वाईट चरबी वाढली आहे, डॉक्टर रोज मूठभर बदाम-अक्रोड खायला सांगतात आणि मी खात नाही, ही चुगली तुझ्या भावजयीने तुझ्याकडे आधीच केली होती. मग आठ दिवसांनी तुझं पुडकं आलं आणि त्यात ते पत्र. चाळीस दिवस, रोज एक पिशवी, एकही दिवस चुकवायचा नाही, काय घडलं ते खरं खरं लिहून कळवायचं. हे केलंस तर मी मुकाट्याने तपासणीला जाईन. हे शब्द तुझे आहेत. तो कागद मी पुठ्ठ्यात घालून, कापडी पाठ लावून, व्यवस्थित बांधून ठेवला आहे. एका पानाचं पुस्तक मी आयुष्यात पहिल्यांदाच बांधलं.

ही अट तू का घातलीस हे कळायला मला फार अक्कल लागली नाही. मी आरंभशूर. बासरी घेतली तेव्हा वरचे तीन सूर शिकलो आणि खालचे राहिले. पोहायला शिकलो तो जाण्यापुरता, यायचं शिकायच्या आधी क्लास सोडला. आपल्या जुन्या घराच्या जिन्याला रंग द्यायला घेतला तो खांद्याच्या उंचीपर्यंत दिला, आणि त्यावर तू पाहुण्यांना सांगायचीस की आमच्याकडे भिंती कमरपट्टा बांधतात. अशा माणसाला चाळीस दिवसांचं व्रत सांगायचं आणि त्यावर आपली तपासणी टांगायची, म्हणजे तपासणी कायमची टळली. ताई, शिवणवर्गात तू पस्तीस वर्षं मुलींना कापड कसं वाचवायचं ते शिकवलंस, स्वतःची कातडी वाचवायलाही तीच युक्ती वापरलीस. पण या खेपेला तुझा कापडाचा अंदाज चुकला. आज चाळिसावा दिवस आहे. चाळिसावी पिशवी माझ्यासमोर टेबलावर सोडलेली आहे, पत्र लिहिता लिहिता मी एकेक उचलतो आहे, आणि ती संपेल तेव्हाच पत्र संपेल.

तर पुडकं. तुझी भावजय पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसते हे बरं आहे आणि वाईटही आहे. बरं अशासाठी, की तुझं पुडकं पोस्टातून घरी यायला पोस्टमनची वाट पाहावी लागली नाही. वाईट अशासाठी, की घरी येईपर्यंत तिने ते तीनदा उचलून, दोनदा वजन करून आणि एकदा कानाशी हलवून पाहिलं होतं, त्यामुळे मला लपवालपवी करायला वाव उरला नाही. उघडलं तर तुझ्या हातच्या चाळीस पिशव्या, प्रत्येकीला नाडी, प्रत्येकीवर लाल दोऱ्याने आकडा भरलेला. (ताई, सातचा आकडा तू अजूनही शेपटी ओढून काढतेस.) आत अकरा बदाम, अक्रोडाच्या सहा फाका आणि वर थोडे पिस्ते. आता मूठभर म्हणजे कुणाची मूठ, यावर आमच्याकडे आधी महिनाभर वाद चालला होता. मी म्हणायचो, डॉक्टरांची मूठ धरावी, ते किडकिडीत आहेत. ती म्हणायची, ज्याचं हृदय त्याची मूठ. तुझ्या पिशव्यांनी तो वाद मिटवला. तिने पहिली पिशवी पोस्टाच्या काट्यावर तोलली ती तीस ग्रॅम भरली, आणि डॉक्टरही तेवढंच म्हणाले होते.

मला बदाम आवडत नाहीत हे तुझ्याखेरीज जगात कुणाला ठाऊक नव्हतं. बदामाचं साल माझ्या टाळूला चिकटतं आणि जेवणापर्यंत तिथेच मुक्काम करतं. अक्रोड कडवट लागतो आणि खाताना असं वाटतं की आपण कुणाच्या तरी डोक्याचा आतला भाग खातो आहोत. शिवाय माझ्या खालच्या दोन दाढा गेल्या उन्हाळ्यात निघाल्या. लहानपणी आपल्याकडे दात होते आणि चणे नव्हते, आता चणे तू पाठवतेस तर दात नाहीत, ही म्हण माझ्यासाठीच केलेली असावी. खरं खरं लिहायचं ठरलं आहे म्हणून लिहितो, चौथ्या आणि पाचव्या दिवशीची पिशवी मी लोण्यात परतून, वर मीठ भुरभुरून खाल्ली. फार उत्तम लागली. पहिल्यांदा वाटलं की हृदयाला जपणं ही काही वाईट गोष्ट नाही. सहाव्या दिवशी साखरेच्या पाकात घोळवायचा बेत होता, पण पातेलं घासायला काढलं त्यावरून तुझ्या भावजयीला वास लागला आणि तो बेत बारगळला.

पंधरा दिवसांनी मी मोठ्या तोऱ्यात डॉक्टरांकडे गेलो. वजनाच्या काट्यावर उभा राहिलो तर दोन किलो वाढलेलो. हे मला आधीच समजायला हवं होतं, कारण त्याच आठवड्यात माझ्या निळ्या सदऱ्याची दोन बटणं गेली होती. पहिलं मी जोरात शिंकलो तेव्हा उडालं आणि सरसाच्या भांड्यात पडलं, दुसरं नुसतं वाकलो तेव्हा. (ती लावलेली नाहीत. बटणं हे काम तुझ्याकडे आहे. लग्नाच्या दिवशी तू तुझ्या भावजयीला बजावलंस, याचं बाकी सगळं तुझं, पण बटणं मी लावीन, आणि तिने अठ्ठावीस वर्षं त्या शब्दाला जागून माझ्या एकाही बटणाला सुई लावली नाही. तू येईपर्यंत सदरे साचत राहतात. हजार पानांचं पुस्तक शिवणारा माणूस टाचणी लावलेला सदरा घालून गावभर हिंडतो, आणि लोक तिलाच नावं ठेवतात.) डॉक्टरांनी मला खाली बसवून दिवसभरात काय काय खातो ते विचारलं. मी सांगितलं, सकाळी चहाबरोबर नेहमीची सहा बिस्किटं, दुपारी नेहमीची पेस्ट्री, आणि त्यावर आपली आज्ञा म्हणून बदाम. डॉक्टरांनी चष्मा काढला. बदाम हे बिस्किटांच्या जागी खायचे होते, बिस्किटांच्या डोक्यावर नाही. मूठभर बदामात पोटभर न्याहारीच्या अर्धी ताकद असते, ती नेहमीच्या खाण्यावर चढवली की माणूस फुगतो. आणि खायचे ते कोरडे, बिनमिठाचे, फार तर भाजलेले. लोण्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं, तरी हे म्हणताना ते माझ्याकडेच बघत होते.

मग त्यांनी मला ते सगळं समजावून सांगितलं, आणि मी आमच्या धंद्याच्या हिशोबाने ते समजून घेतलं. चरबी दोन जातींची. एक थंड झाली की आमच्या सरसासारखी थिजून बसते, लोण्यातली, पेस्ट्रीतली. दुसरी पातळच राहते, ती बदाम-अक्रोडात असते. पहिलीच्या जागी दुसरी खाल्ली की रक्तातली वाईट चरबी हळूहळू उतरते, वर बदामातला चोथाही तिला थोडं अडवतो. अक्रोडाचं तेल तर हृदयाला विशेष मानवतं म्हणे. महागाचेच हवेत असंही नाही, शेंगदाणे खाल्ले तरी गुण येतो. मी खूश होऊन विचारलं, म्हणजे हे औषधच झालं की. ते म्हणाले, नाही, ही सवय आहे. सवयीने रक्ताचा नळ पुढे तुंबायचा वाचतो, पण एखादा आधीच तुंबला असेल तर तो बदाम खाऊन उघडत नाही, तो आत जाऊन बघावाच लागतो. हे त्यांनी माझ्याबद्दल म्हटलं नव्हतं. मी त्यांना जिन्यातल्या साडेचार मिनिटांबद्दल सांगितलं होतं. हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहितो आहे, कारण ‘मी अक्रोड खाते ना, मग झालं तर’ असं तू घड्याळजींना म्हणालीस हे मला कळलं आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणावं तर तू स्वतः खातेसही, पण खाल्ल्याची ढाल करतेस.

(चार बदाम झाले. पाचवा कडू निघाला, तरी गिळला.)

आता सतराव्या दिवसाचं संकट. आमच्या कारखान्यात माझे भागीदार आहेत, त्यांना सगळे इंच म्हणतात, कारण ते कुठलंही अंतर, माणसातलंसुद्धा, इंचात सांगतात. डॉक्टरांनी कान उपटल्यापासून मी दिवसाची पिशवी चहाच्या वेळेला हाताशी हवी म्हणून मोठ्या दाबयंत्राच्या कडेवर ठेवू लागलो होतो. यंत्र म्हणजे जाड लोखंडी पट्टे आणि वर चाक, नव्याने बांधलेली पुस्तकं त्यात रात्रभर दाबून ठेवायची. त्या दिवशी एका वकीलसाहेबांचे कायद्याचे सहा खंड बांधून झाले होते, फिक्या बदामी कातड्यात, वर्षातलं सगळ्यात देखणं काम. चहाच्या जरा आधी इंचांनी चौथा खंड आत सरकवला, पिशवी कडेवरून कव्हरावर घसरली, आणि त्यांनी चाक आवळलं. मी पिशवी शोधत सगळं दालन पालथं घातलं. कातरणांच्या पोत्यात हात घातला, सरसाची भांडी हलवली, इंचांच्या डब्यात पाहिलं (त्याबद्दल ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत). शेवटी चाक सोडलं तर पिशवी पापडासारखी चपटी, आणि वकीलसाहेबांच्या चौथ्या खंडाच्या कव्हरावर मधोमध तेलाचा डाग, त्यात तुझा सतराचा आकडा खोल उमटलेला, उलटा, शेपटीसकट. इतकी स्पष्ट मुद्रा आमच्या पितळी ठशांनीसुद्धा उठत नाही.

माझ्यापुढे दोन प्रश्न होते. पहिला वकीलसाहेबांना काय सांगायचं, आणि दुसरा, जो मला मोठा वाटत होता, तो म्हणजे सतरावा दिवस धरायचा की नाही. नेमके वकीलसाहेब त्याच वेळी दारात हजर. मी घाबरून पहिल्या प्रश्नाऐवजी दुसराच आधी विचारला. म्हणजे त्यांचं पुस्तक हातात धरून, पिशवीतून खरवडून काढलेली बदामाची वडी दुसऱ्या हातात धरून, मी त्यांना कायद्याचा मुद्दा घातला: बदाम सगळे आहेत पण त्यातलं अर्धं तेल तुमच्या चौथ्या खंडात मुरलं आहे, तर आता मी हे खाल्लं तर पिशवी खाल्ली असं म्हणता येईल का. त्यांना काही कळेना. मग मी तुझी अट, ते एका पानाचं पुस्तक, घड्याळजींचं कार्ड, सगळं सांगितलं. ते स्टुलावर बसले, कार्ड दोनदा वाचलं आणि निकाल दिला की अटीत पिशवी असं म्हटलं आहे, तेल असं म्हटलेलं नाही, तेव्हा खाऊन टाका. मी त्यांच्या देखत ती वडी खाल्ली. चव कातड्याची आणि सरसाची होती.

वकीलसाहेब त्यानंतरही उठेनात. म्हणाले, आमच्या धंद्यात तारीख वाढवून घ्यायची कला असते, मी माझ्या हृदयाच्या तपासणीची तारीख दोन वर्षं वाढवून घेतली. कधी खटला होता, कधी पाहुणे होते, कधी नुसती भीती होती. शेवटी कोर्टाच्या पायऱ्यांवर पडलो तेव्हा तारीख माझ्या हातात राहिली नाही. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढून छातीवरचा व्रण दाखवला, लांब, सरळ, टाके अगदी एकसारखे. तुझ्या वर्गातल्या मुलीने घातले असते तर तू तिला शाबासकी दिली असतीस. जाताना त्यांनी कव्हर बदलू दिलं नाही. म्हणाले, राहू दे तो आकडा, कुणी विचारलं तर सांगायला गोष्ट होईल, आणि तुमच्या ताईंना माझा निरोप द्या, तारीख वाढवून मागू नका. निरोप दिला.

पुढचे दिवस खरं तर सोपे गेले. बिस्किटं सुटली, पेस्ट्री रविवारवर आली, दोन्ही किलो उतरले (बटणं मात्र गेली ती गेली). टाळूला साल चिकटण्याचीही सवय झाली, किंबहुना एखाद्या दिवशी चिकटलं नाही तर चुकल्यासारखं वाटे. पस्तीस झाल्या तेव्हा मी इंचांना म्हणालो की आयुष्यात मी पस्तिसाव्या पायरीवर कधी पोचलो नव्हतो. ते म्हणाले, अजून साडेसात इंच राहिले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला छत्तिसावी पिशवी मोठ्या ऐटीत सोडली आणि टेबलावर उपडी केली.

बटणं. काळी, पांढरी, चार भोकांची, दोन भोकांची, एक कोटाचं पितळी. सदतिसावी सोडली, बटणं. चाळिसाव्यापर्यंत पाचही पिशव्यांत तुझ्या खणातली बटणं, वर नाडी घट्ट बांधून, आकडा नीट भरून. ताई, खोटं कशाला बोलू, मी रागावलो. इतका की इंच दालनाच्या दुसऱ्या टोकाला गेले. माझा भाऊ पस्तिसाच्या पुढे जाणारच नाही अशी तुझी एवढी खात्री, की पुढच्या पिशव्या नुसत्या आकारापुरत्या भरल्यास. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि तू एकोणिसाची. शाळेतून अर्ध्यावर पळून आलो तर तू परत नेऊन सोडायचीस, रोज, न बोलता, हात धरून. त्या ताईने माझा हात सोडला असं मला वाटलं. घरी येऊन ती बटणं तुझ्या भावजयीपुढे ओतली. तिने ती वाटीत गोळा केली, नवल वाटलेलं काही दिसलं नाही, हे मला जरा खटकलं. मग मी चप्पल घालून दुकानात गेलो, बदाम, अक्रोड, पिस्ते आणले, आणि पाचही पिशव्या तुझ्याच मापाने भरल्या. अकरा, सहा आणि वर थोडे.

तर आता शेवटचा बदाम उरला आहे. तो खाल्ला. चाळीस झाल्या, ताई. अट माझ्या बाजूने पुरी झाली, तीही तुझ्या बटणांना न जुमानता. सगळं खरं खरं लिहिलं आहे, लोण्यासकट. घड्याळजींना माझा नमस्कार सांग, आणि हे वाचून त्यांच्याशी पुन्हा आठ दिवस अबोला धरू नकोस.

तुझा,
आरंभशूर (निवृत्त)

ता. क. तुझ्या शहरातल्या हृदयाच्या इस्पितळात येत्या मंगळवारी सकाळी दहाची वेळ योगायोगाने रिकामी निघाली, ती मी तुझ्या नावावर घेतली आहे. मी सोमवारी दुपारच्या बसने येतो. शिवणयंत्राच्या खणातली चिठ्ठी काढून ठेव. जिना उतरताना घाई नाही, घड्याळजींना मी त्या दिवशी मोजू नका असं कळवलं आहे. बरोबर एक्केचाळिसावी पिशवी आणतो आहे, ती तुझी, कारण डॉक्टर म्हणाले बहिणीनेही खावेत, पण तपासणीच्या ऐवजी नव्हे, तपासणीनंतर.

ता. क. दुसरा, भावजयीच्या हातचा. वन्सं, नमस्कार. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून दोन ओळी. योगायोग वगैरे काही नाही. तुमचं पुडकं आलं त्याच दिवशी, पहिली पिशवी खायच्या आधी, यांनी इस्पितळात फोन करून दीड महिन्यानंतरची वेळ घेतली आणि बसचं तिकीटही काढलं. मी म्हटलं, चाळीस पुऱ्या झाल्या नाहीत तर? तर म्हणाले, होतील. स्वतःबद्दल असं यांनी कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आता बटणांचं. ती आहेत हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बदाम खुळखुळत नाहीत, बटणं खुळखुळतात, आणि मी अठ्ठावीस वर्षं पार्सलं हलवून पाहते आहे. यांना वाटतं तुम्ही यांच्यावर भरवसा ठेवला नाहीत. मला तसं वाटत नाही. पुडक्याच्या तळाशी दुकानाची रिकामी पुडी होती. मला वाटतं, पस्तीस भरल्या आणि बदाम संपले, आणि आणखी आणायला तीन मजले उतरून पुन्हा चढायचं तुमच्याच्याने झालं नाही. चाळीस म्हणून शब्द दिला होता म्हणून तुम्ही उरलेल्या पाच पिशव्या बटणांनी भरल्यात, आणि हे कुणाला सांगितलं नाहीत. चुकत असेन तर भेटल्यावर रागवा. यांना हे मी बोलले नाही, इथेच लिहिते आहे.

ता. क. तिसरा. तिचं लिहिलेलं आत्ता वाचलं. हे माझ्या डोक्यात आलं नाही. पाच पिशव्यांसाठी मी तुझ्यावर रागावलो आणि तू त्या जिन्याच्या वरच्या टोकाला बटणं मोजत बसली होतीस. माफ कर. सोमवारी नाही, रविवारी पहाटेच्या बसने येतो, तिकीट बदलतो. बटणं सगळी बरोबर आणतो आहे आणि निळा सदराही. त्याला दोन लागतात. मंगळवारी लावू नकोस, आठवडाभराने लाव, महिन्याने लाव, बरी झालीस की लाव. मी तोवर टाचणीवर काढीन. पण लावायची तूच, ताई. मला बटण लावता येत नाही, आणि या वयात शिकायची वेळ माझ्यावर आणू नकोस.